वाइनची चाखणी : दुकानदाराने काय करावे, कुठे थांबावे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात विलायती दारूच्या दुकानाला लोक 'वाइन शॉप' म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगावातही हेच नाव तोंडात बसले आहे. नावात वाइन, आत मात्र व्हिस्की, रम आणि बिअरची खोकी. खऱ्या वाइनच्या बाटल्या असल्याच तर चार-सहा, वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अगदी जवळ उभ्या करून ठेवलेल्या. एखाद्या गिऱ्हाइकाने 'यातली चांगली कोणती?' असे विचारले, की दुकानदार किमतीकडे बघून उत्तर देतो. त्यालाही दोष देता येत नाही, कारण त्या बाटल्यांतली एकही बहुधा त्याने स्वतः चाखलेली नसते.

या अडचणीवर जगभरच्या दुकानदारांनी शोधलेला उपाय म्हणजे वाइन टेस्टिंग, म्हणजेच चाखणी. चार-पाच प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या ओतायच्या, रंग बघायचा, वास घ्यायचा, घोटभर तोंडात घोळवायची आणि दोन वाइनमधला फरक शब्दांत सांगायचा. चाखणीत पोटाचे काम जवळजवळ काहीच नाही. सगळे काम नाकाचे आणि जिभेचे आहे. ही एक गोष्ट आयोजकाच्या मनात पक्की असली, की ग्लासात किती ओतायचे, पाहुणे किती बोलवायचे, खायला काय ठेवायचे आणि घरी कसे पाठवायचे या सगळ्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळत जातात.

अहिल्यानगर जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगणे एका अर्थी सोपे आहे. हा साखर कारखान्यांचा जिल्हा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास प्रवरानगरला उभा राहिला. शेवगाव तालुक्यात बोधेगावला केदारेश्वर, शेजारच्या नेवासे तालुक्यात भेंड्याला ज्ञानेश्वर. उसाची मळी आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले की अल्कोहोल मिळते, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. आपल्याकडची बहुतेक व्हिस्की आणि रम याच अल्कोहोलवर उभी असते आणि तिच्यात त्याचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के असते. वाइनचे तसे नाही. द्राक्षाचा रस आंबतो आणि तिथेच थांबतो, ऊर्ध्वपातन होत नाही. प्रमाण १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून वाइनमध्ये द्राक्षाची जात, जमीन, हवा आणि त्या वर्षीचा पाऊस यांची चव उतरते. चाखणीत शोधायची ती हीच चव.

पॅरिसमधला एक दुकानदार

दुकानातून चाखणी कुठवर जाऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पॅरिसचे आहे. स्टीव्हन स्परियर या इंग्रज तरुणाने १९७० च्या सुमारास पॅरिसच्या मादलेन भागातले वाइनचे एक छोटे दुकान विकत घेतले. गिऱ्हाइकांना बाटली नुसती विकण्याऐवजी ती समजावून सांगावी, असे त्याला वाटे. १९७३ मध्ये दुकानाला लागूनच त्याने वाइन शिकवणारी शाळा काढली. आणि २४ मे १९७६ रोजी त्याने एक चाखणी ठेवली : फ्रान्सच्या नामांकित वाइन एकीकडे, कॅलिफोर्नियाच्या नव्या वाइन दुसरीकडे. लेबले झाकलेली, नऊ फ्रेंच परीक्षक, प्रत्येक वाइनला २० पैकी गुण. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्निया पहिली आली होती. शातो माँतेलेनाची शार्डोने आणि स्टॅग्ज लीपची कॅबर्ने सोव्हिन्यों, दोन्ही १९७३ च्या. वाइनच्या इतिहासात ही चाखणी 'पॅरिसचा निवाडा' म्हणून ओळखली जाते.

शेवगावच्या दुकानदाराने या गोष्टीतून दोन गोष्टी घ्याव्यात. लेबल झाकल्याशिवाय जीभ खरे बोलत नाही, ही पहिली. आणि स्परियरने दुकान व शाळा वेगवेगळी ठेवली, ही दुसरी. महाराष्ट्रात तर ही दुसरी गोष्ट पाळावीच लागते.

कायदा आधी, बाटली नंतर

महाराष्ट्रात दारूचा सगळा व्यवहार १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतो. किरकोळ विक्रीच्या एफएल-२ परवान्यावर दुकानदाराला फक्त सीलबंद बाटली विकता येते. दुकानात बाटली उघडून घोटभर जरी कुणाला दिली, तरी ते आवारात मद्य पाजणे होते आणि त्याने परवाना धोक्यात येतो. 'फुकट दिली, पैसे घेतले नाहीत' ही सबब चालत नाही. परदेशी मासिकांत दुकानाच्या काउंटरवर ग्लास मांडलेल्या चाखणीचे फोटो दिसतात. ती पद्धत आहे तशी उचलून शेवगावात आणता येणार नाही.

मग चाखणी कुठे घ्यायची? त्यासाठी कायद्यात बसणारे तीन मार्ग आहेत. पहिला, वायनरीच्या स्वतःच्या परवानाधारक चाखणी कक्षात जाणे. दुसरा, परमिट रूम असलेल्या हॉटेलबरोबर ठरवणे. तिथे बसून पिण्याचा परवाना असतो, मात्र वाइन त्या हॉटेलच्या साठ्यातली आणि त्याच्या बिलावरची असावी लागते. तिसरा, एखाद्या सभागृहातल्या कार्यक्रमासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा तात्पुरता परवाना काढणे. कोणताही मार्ग धरला तरी विभागाच्या कार्यालयात आधी लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी 'चालतंय की' वर कार्यक्रम ठरवू नये.

वयाचा नियमही स्पष्ट आहे. वाइन आणि बिअरसाठी २१ वर्षे पूर्ण हवीत, तीव्र मद्यासाठी २५. पिणाऱ्याकडे वैयक्तिक परवाना असावा लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजीवन १००० रुपयांना मिळत आला आहे. पाहुण्यांची यादी करतानाच वयाचा पुरावा बघून घ्यावा, दारात उभे राहून विचारण्याची वेळ येऊ देऊ नये. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांसारखे कोरडे दिवस आणि निवडणुकीचा काळ टाळूनच तारीख धरावी. मद्याच्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे, म्हणून चौकात फ्लेक्स लावणे, 'या आणि मोफत चाखा' असे संदेश गावभर फिरवणे हे करू नये. ओळखीच्या गिऱ्हाइकांना समक्ष भेटून निमंत्रण द्यावे.

गावाच्या भावनांचाही विचार इथे करायला हवा. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याला या जिल्ह्यातून ठाम विरोध झाला. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता, आणि तो निर्णय पुढे अमलात आला नाही. राळेगणसिद्धीच्या कायापालटात दारूबंदीचा मोठा वाटा होता, हे जिल्ह्याला ठाऊक आहे. महिलांच्या मतदानाने 'आडवी बाटली' करून दुकान बंद करण्याची तरतूदही राज्यात आहे. दारूने मोडलेली घरे ज्या आयाबायांनी पाहिली आहेत, त्यांचा राग खरा आहे. चाखणी ठेवणाऱ्याने तो समजून घ्यावा. शाळा, देवस्थान, वारीचा रस्ता यांपासून दूर, बंदिस्त जागेत, दिवसाउजेडी आणि मोजक्या माणसांत कार्यक्रम घ्यावा. जे शेजाऱ्याला सांगायला संकोच वाटेल, ते करूच नये.

दुकानात होणारा कोरडा वर्ग

दुकानात वाइन चाखवता येत नसली, तरी चाखायला शिकवता येते. चाखणीचा निम्मा अभ्यास वाइनच्या थेंबाविना होतो आणि त्याला कुठलाही परवाना लागत नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर दहा-बारा जणांना तासभर बसवले की पुरे.

सुरुवात चार पेल्यांनी करावी. पहिल्यात साखर न घातलेले लिंबूपाणी. घोट घेतला की जिभेच्या कडांना पाणी सुटते. वाइनमधला आंबटपणा असाच ओळखायचा. दुसऱ्यात दहा मिनिटे उकळून गार केलेला कोरा चहा. हिरड्या आवळल्यासारख्या होतात, जीभ खरखरीत वाटते. इंग्रजी पुस्तके ज्याला टॅनिन म्हणून पानेच्या पाने समजावतात, त्याला मराठीत रोजचा शब्द आहे : तुरट. डाळिंबाची साल, कच्चे केळ, सुपारी ज्याने चावली आहे त्याला लाल वाइनचा तुरटपणा नव्याने सांगावा लागत नाही. तिसऱ्या पेल्यात साखरेचे हलके पाणी, गोडव्यासाठी. चौथ्यासाठी दुधाच्या दोन वाट्या : एकीत पाणी घातलेले, दुसरीत म्हशीचे निरसे. तोंडात कोणते हलके वाटते आणि कोणते भरीव, हे लगेच कळते. वाइनचा भरीवपणा मोजायची हीच रीत आहे.

मग वासाच्या वाट्या. दहा स्टीलच्या वाट्या घ्याव्यात, वर कागद बांधून त्याला भोके पाडावीत आणि आत ओळखीच्या वस्तू ठेवाव्यात : राहात्याच्या पेरूची फोड, लिंबाची साल, चिरलेली ढोबळी मिरची, कुटलेली काळी मिरी, लवंग, चहाची पूड, गूळ, ओली माती, जांभूळ किंवा त्याचा रस, व्हॅनिला इसेन्सचा थेंब. प्रत्येकाने न बघता वास घ्यावा आणि नाव कागदावर लिहावे. रोज स्वयंपाकघरात असणारी लवंगसुद्धा डोळ्यांआड झाली की नाक अडखळते. हा अनुभव माणसाला नम्र करतो आणि पुढे ऐकायला तयार करतो.

या वाट्यांमागे रसायनशास्त्र आहे. शिराझ जातीच्या वाइनला मिरीचा वास येतो, कारण काळ्या मिरीत असणारे रोटंडोन हेच संयुग त्या द्राक्षाच्या सालीतही असते. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेची झाक येते, कारण लवंगेतले युजेनॉल भाजलेल्या ओकमधूनही उतरते. सोव्हिन्यों ब्लाँ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांत ढोबळी मिरची जाणवते, तीही मिरचीतल्याच संयुगांच्या गटामुळे. वाइनमध्ये कुणी मिरी किंवा लवंग घातलेली नसते.

याच वर्गात द्राक्षाचाही पाठ घ्यावा. बाजारात मिळणारी थॉम्पसन सीडलेस खाण्यासाठी : बी नाही, साल पातळ, गर भरपूर. वाइनच्या द्राक्षांचे मणी लहान, साल जाड आणि आत बिया असतात. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढऱ्या वाइनसाठी रस आधी वेगळा काढतात.

नाशिकची वाट

खरी चाखणी पहिल्यांदा घ्यायची तर सर्वांत सोयीची जागा नाशिक. शेवगावहून नेवासे, शिर्डी, सिन्नर असा रस्ता धरला तर अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. सकाळी लवकर निघून रात्री परत येता येते.

महाराष्ट्रात वाइनचा आधुनिक धंदा आधी नारायणगावला सुरू झाला. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने तिथे फेसाळती वाइन बनवली आणि ती परदेशात 'ओमर खय्याम' या नावाने विकली. नाशिकची सूत्रे पुढे राजीव सामंत यांच्याकडे आली. अमेरिकेतली नोकरी सोडून ते गंगापूर धरणाजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर परतले, १९९९ मध्ये त्यांनी सुला स्थापन केली आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस इथे वाइन पार्क आखले गेले. २००५ मध्ये सुलाने द्राक्षबागेतच चाखणीचा कक्ष उघडला. देशात अशी सोय करणारी ती पहिली वायनरी मानली जाते. गिऱ्हाईक बागेत येते, टाक्या बघते, पाच-सहा वाइन चाखते आणि जाताना बाटली विकत घेते, हा नमुना तिथे रुळला आणि बाकीच्यांनी उचलला. आज त्याच भागात गंगाव्हऱ्याला यॉर्क आहे, दिंडोरीकडे शाँदों, इगतपुरीकडे ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेली. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

सहल न्यायची तर जानेवारी ते मार्च या दिवसांत न्यावी. युरोपात द्राक्षतोड ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात, एक एप्रिलच्या आसपास आणि फळाची ऑक्टोबरच्या आसपास, आणि तोड उन्हाळ्याच्या तोंडावर येते. म्हणजे त्या दिवसांत क्रेट भरून येणारी द्राक्षे, रस काढणारी यंत्रे आणि आंबण्याचा घमघमाट हे सगळे एकाच फेरीत बघायला मिळते. गाडी एकच करावी, चालकासह, आणि त्या चालकाने दिवसभर थेंबही घेऊ नये हे आधीच ठरवावे.

चाखणीची मांडणी

परमिट रूममध्ये किंवा तात्पुरत्या परवान्यावर शेवगावातच चाखणी घ्यायची ठरली, तर पहिला हिशेब मापाचा. एका वाइनचे एका माणसाला ३० मिलि पुरते. १२ पाहुणे धरले तर एका वाइनला ३६० मिलि लागते. ७५० मिलिची एक बाटली वापरून निम्मी उरते, बाटली खराब निघाली तर बदली म्हणून दुसरी ठेवावी. पाच वाइन ठेवल्या तर एका माणसाच्या वाट्याला सगळी मिळून १५० मिलि, म्हणजे नेहमीचा एक ग्लास येतो. तोही थुंकून टाकण्याची सोय असेल तर पोटात फारच थोडी जाते. पाचपेक्षा जास्त वाइन नवख्यांसाठी ठेवू नयेत, जीभ थकते. १२ पेक्षा जास्त माणसे बोलावू नयेत, मागे बसलेल्याचा आवाज पुढे पोहोचत नाही.

थुंकण्याबद्दल स्पष्ट बोलावे. आपल्याकडे चारचौघांत थुंकणे असभ्य मानतात, आणि ते बरोबरच आहे. पण चाखणीत ती शिस्त आहे. जगभरचे जाणकार घोट तोंडात घोळवून पिकदाणीत टाकतात, कारण पाचवी वाइनही पहिलीइतक्याच ताज्या डोक्याने ओळखायची असते. प्रत्येक दोघांमध्ये एक झाकणाचा डबा ठेवावा, तळाशी थोडा लाकडाचा भुसा घालावा. आयोजकाने सर्वांसमोर पहिला घोट स्वतः थुंकून दाखवला की बाकीच्यांचा संकोच जातो.

ग्लास देठाचे आणि तोंडाशी निमुळते असावेत. चाखणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा ग्लास सुमारे २१५ मिलिचा असतो आणि त्यात ओतायचे ५० मिलिपेक्षा जास्त नाही, कारण रिकाम्या जागेत वास साठतो. ग्लास आदल्या दिवशी गरम पाण्याने धुवावेत. साबणाचा किंवा कपाटातल्या डांबरगोळीच्या फडक्याचा वास राहिला, तर प्रत्येक वाइनला तोच वास येईल. त्या दिवशी खोलीत अगरबत्ती, फिनेल, रूम फ्रेशनर नको. पाहुण्यांना अत्तर, मोगऱ्याचा गजरा आणि विशेषतः तंबाखू-गुटखा टाळायला आधीच सांगावे. तंबाखू खाल्लेल्या तोंडाला बारकावे लागत नाहीत.

शेवगावच्या हवेत सर्वांत जास्त चूक होते ती तापमानाची. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वाक्य थंड देशातल्या खोलीसाठी होते. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खोलीतली लाल वाइन कोमट काढ्यासारखी लागते आणि तिच्यातले अल्कोहोल नाकात झोंबते. लाल वाइन १५ ते १८ अंश, पांढरी ८ ते १२ अंश, फेसाळती ६ ते ८ अंश असावी. पांढरी दोन-तीन तास फ्रिजमध्ये, लाल वीस-तीस मिनिटे. वीज गेली तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घालून बाटली बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा ती लवकर गार होते, कारण पाणी बाटलीला सगळीकडून चिकटते.

दुकानातल्या साठ्यालाही हाच नियम लागू आहे. पत्र्याखालच्या गरम खोलीत उन्हाळा काढलेली बाटली कितीही नामांकित असो, आतून शिजलेली निघते. बुचाची बाटली आडवी ठेवावी म्हणजे बूच सुकत नाही. स्क्रूच्या झाकणाची उभी चालते. फळी उन्हापासून आणि दिव्यापासून लांब असावी. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा आहे, ती बाटली पाहुण्यांना देऊ नये. मात्र तो वास सर्वांना एकदा घेऊ द्यावा, कारण तोही शिकण्याचा भाग आहे.

क्रम आणि कृती

क्रम हलक्याकडून भारीकडे : आधी फेसाळती, मग शेनिन ब्लाँसारखी सौम्य पांढरी, मग सोव्हिन्यों ब्लाँ, मग शिराझसारखी लाल, आणि गोड वाइन असलीच तर शेवटी. उलट केले तर लालचा तुरटपणा पुढच्या पांढरीला पाण्यासारखी करून टाकतो.

एक वाइन चाखताना काय घडते ते जवळून पाहू. समोर पांढरा कागद, हातात ३० मिलि शेनिन ब्लाँचा ग्लास, देठाला धरलेला. ग्लास कागदावर तिरका केला की कडेचा रंग दिसतो : फिकट पिवळा, जराशी हिरवी झाक. न हलवता पहिला वास. मग ग्लास टेबलावरच दोनदा गोल फिरवायचा आणि नाक आत घालून दुसरा वास. आता पेरू येतो, पाठोपाठ लिंबाची साल. एक घोट, गिळायचा नाही. दहा सेकंद गालांच्या आत सगळीकडे फिरवायचा, ओठांतून थोडी हवा ओढायची. जिभेच्या कडांना पाणी सुटते, म्हणजे आंबटपणा आहे. हिरड्या आवळत नाहीत, म्हणजे तुरटपणा नाही. घोट थुंकायचा आणि मनात मोजायचे, चव किती वेळ रेंगाळते. मग पेन उचलायचे. कागदावर चारच रकाने हवेत : रंग, वास, चव, रेंगाळ. शेजाऱ्याच्या कागदात न डोकावता लिहायचे, चर्चा नंतर.

पाचपैकी एक फेरी लेबल झाकून घ्यावी. बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळून वर आकडा लिहिला की झाले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका प्रयोगात वाइन शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळा नाकाला फसवतो. स्वस्त आणि महाग अशा दोन बाटल्या शेजारी झाकून ठेवाव्यात, आणि पाहुण्यांना कोणती आवडली ते हात वर करून विचारावे. दुकानदारालाही त्यातून कळते, की फळीवर काय ठेवायला हवे.

पोटाला काय

रिकाम्या पोटी चाखणी नको. येण्याआधी जेवून यायला सांगावे. सकाळी अकरा ते एक ही वेळ चांगली, तेव्हा जीभ ताजी असते. चाखताना दोन वाइनच्या मध्ये साधे पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे किंवा कोरड्या पोळीचा तुकडा. प्रत्येकासाठी किमान अर्धा लिटर पाणी.

सोबतीचे पदार्थ शेवटच्या फेरीसाठी राखावेत. इथे नगरी जेवणाची खरी परीक्षा आहे. शिपी आमटीसारख्या झणझणीत पदार्थाबरोबर तुरट लाल वाइन घेतली, की तिखट आणखी भडकते आणि वाइन कडवट लागते. तिखटाशी जुळते ती किंचित गोड, कमी अल्कोहोलची, गार पांढरी. तळलेल्या पदार्थांना फेसाळती छान, कारण आंबट फेस तेलकटपणा धुऊन काढतो. साबुदाणा वडा किंवा कोथिंबीर वडी घेऊन बघावी. हुलग्याच्या शेंगोळ्यांसारखा मातकट, लसणाचा पदार्थ शिराझला झेपतो. भाजलेले शेंगदाणे आणि पनीर जवळजवळ सगळ्यांना चालतात. लोणचे मात्र टेबलावर नको.

घरी सुखरूप

मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चाखणी छोटी असली तरी मोटारसायकलची चावी कुणी हातात घेऊन निघू नये. घरचे कुणी न्यायला येईल किंवा आयोजकाने गाडी ठरवलेली असेल, अशांनाच निमंत्रण द्यावे. गरोदर स्त्रिया, यकृताचे किंवा मधुमेहाचे रुग्ण, औषधे चालू असलेले आणि दारू सोडलेले लोक यांना आग्रह कधीच करू नये. आग्रहाची आपली पद्धत जेवणाच्या पंगतीत शोभते, इथे नाही. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. 'वाइन औषधी असते' असे सांगून बाटली विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतो.

चाखणीनंतर उरलेली उघडी बाटली दुकानात परत नेऊन विकता येत नाही. ज्यांचा परवाना आणि साठा आहे, त्यांनीच तिची विल्हेवाट लावावी. शिल्लक वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चव टिकते, फेसाळती एकच दिवस.

पाहुण्यांचे कागद मात्र दुकानदाराने जपून ठेवावेत. बारा माणसांपैकी नऊ जणांनी शेनिन ब्लाँला पसंती दिली असेल, तर पुढच्या महिन्याचा माल मागवताना तोच आधार. वरच्या फळीवरच्या धुळकट चार बाटल्यांऐवजी गार जागेत ठेवलेल्या, स्वतः चाखलेल्या आठ बाटल्या असाव्यात, आणि प्रत्येकीबद्दल दोन खरी वाक्ये सांगता यावीत.

शेवगावात कुणाला पहिली चाखणी ठेवायची असेल, तर कोरडा वर्ग येत्या रविवारी घेता येईल. त्याला काही वाट्या आणि पेले पुरतात. नाशिकच्या सहलीसाठी द्राक्षतोडीचे दिवस जानेवारीत सुरू होतात, तेव्हा वायनरीशी बोलणी डिसेंबरात करावीत. आणि गावातच कार्यक्रम करायचा असेल, तर ग्लास विकत घेण्याआधी उत्पादन शुल्क कार्यालयात अर्ज द्यावा.